सीसीए लॅन केबल निम्म्या वजनाची आणि स्वस्त मिळते, घ्यावी का?

भिंतीतून टाकणार असाल तर नको. सीसीए म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर. कल्पना हुशारीची आहे: उच्च वारंवारतेला, म्हणजे १०० मेगाहर्ट्‌झला सिग्नल तारेच्या वरवरच्या ७ मायक्रॉनच्या आसपासच्या थरातून, म्हणजे तांब्यातूनच वाहतो. डिशच्या केबलमध्ये बरेचदा तांब्याखाली चक्क पोलाद असतं आणि ती उत्तम चालते!

पण सीसीटीव्ही कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज द्यायची, म्हणजे पीओई, तर डीसी करंट अख्ख्या तारेतून जातो. तिथे रोध तांब्याच्या दीडपट. केबल तापते, लांबवर व्होल्टेज पडतं. शिवाय वाकवताना ॲल्युमिनियम लवकर तुटतं.

दुकानातच तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी दिसलं, तर बंडल परत द्या.