लांबच्या प्रवासात बाईकचं इंजिन बंद पडलं तर काय करावं?

तुम्ही विचारलंय की महिनाभराच्या बाईक प्रवासात, आसपास मेकॅनिक नसलेल्या भागात इंजिन बंद पडलं तर काय करायचं, आणि गाडीतलं फारसं कळत नसताना एकट्यानं निघावं का.

जरूर निघा. इंजिन खोलता येणं ही अशा प्रवासाची अट नाही. रस्त्यात अडकलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या किंवा हाताळल्या, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं इंजिनच्या आत नव्हतंच. सुटलेली वायर, तुंबलेली नळी, उडालेला फ्यूज, काळा पडलेला प्लग (ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा स्पार्क प्लग), असंच काहीतरी असायचं. हे सगळं बाहेरून हाताला लागतं. फक्त शोधायचं कुठे ते कळायला हवं.

म्हणून गाडी थांबली की लगेच पाने काढू नका. रस्त्याच्या कडेला घ्या, हेल्मेट काढा आणि बंद पडताना नेमकं काय झालं ते आठवा. दिवा विझावा तशी एका क्षणात बंद झाली, तर संशय करंटवर. आधी झटके दिले, मिसिंग केलं, एक्सलेटर दिला तरी ओढेना आणि मग मेली, तर बहुधा पेट्रोल पोहोचत नाहीये. आणि गाडी आपोआप जड होत गेली, कुणीतरी ब्रेक धरून ठेवल्यासारखी, तर इंजिन जॅम व्हायला लागलं आहे. या तिसऱ्या प्रकारात विचार नंतर, आधी क्लच दाबा. नाहीतर मागचं चाक लॉक होऊन तुम्ही पडाल. मग इंजिन पूर्ण गार होऊ द्या, ऑइल बघा, आणि ऑइल पुरेसं आहे याची खात्री होईपर्यंत सेल्फ मारू नका.

करंटचा संशय असेल तर फुकटात तपासता येणाऱ्या गोष्टी आधी. किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच) चुकून दाबला गेलाय का? साईड स्टँड पूर्ण वर आहे का? त्याच्या स्विचमध्ये चिखल गेला की स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटतो. मीटरचे दिवेच लागत नसतील तर मुख्य फ्यूज आणि बॅटरीची टर्मिनल्स पाहा. खराब रस्त्यावर दिवसभर हादरे बसले की टर्मिनलचा स्क्रू ढिला होतोच. हातानं हलवून बघा, हललं तर सापडलं.

दिवे आहेत, सेल्फ फिरतोय, तरी सुरू होत नाही? प्लग काढा. तो परत कॅपमध्ये बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि सेल्फ मारा. धरायचं ते रबराच्या कॅपला, प्लगला नाही, आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नको. निळी, टणक ठिणगी दिसली तर करंट ठीक आहे. पिवळट, मरतुकडी असेल किंवा दिसतच नसेल तर नवा प्लग लावून पाहा, मग कॅप. प्लगचं टोकही बरंच काही सांगतं. फिकट तपकिरी म्हणजे सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय किंवा एअर फिल्टर धुळीनं भरलाय. ओलसर, तेलकट काळा म्हणजे ऑइल जळतंय. अगदी पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन जास्त तापतंय.

प्रवासात एक छोटा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) ठेवाच, हे मी आग्रहानं सांगतो. बंद गाडीत चांगल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसायला हवेत. गाडी सुरू करून रेस वाढवली की 13.5 ते 14.5. सुरू असतानाही आकडा 12 च्या आसपासच रेंगाळत असेल तर चार्जिंग होत नाहीये, आणि 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर (चार्जिंगवर ताबा ठेवणारा भाग) बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय. हे सकाळीच कळलं तर मोबाईलचं चार्जिंग, आणि बंद करता येत असेल तर हेडलाइटही, बंद ठेवून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. इंजेक्शनच्या गाडीत (जिथे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं फवारलं जातं) तर याला फार महत्त्व आहे, कारण पेट्रोलचा पंपही बॅटरीवरच चालतो. बॅटरी ठार मेली असेल तर नुसता धक्का मारून ती गाडी सहसा सुरू होत नाही.

आता पेट्रोल. टाकी हलवून आवाज ऐका, टाकीखाली पेट्रोलचा कॉक असेल तर तो रिझर्व्हवर टाका. मग एक गोष्ट करून पाहा जी अनेकांच्या ध्यानातच येत नाही. टाकीचं झाकण उघडा. उघडताना ‘फुस्स’ आवाज करत हवा आत ओढली गेली आणि नंतर गाडी सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं बारीक भोक धुळीनं बुजलंय. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून यायला हवी. ती आली नाही की काही किलोमीटरवर गाडी मरते, थोडा वेळ थांबलं की परत सुरू होते, आणि पुन्हा मरते. या लक्षणावर लोक कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलून बसतात. भोक तारेनं साफ केलं की काम झालं. टाकीवर बांधलेली बॅग झाकण दाबत असेल तरी हेच होतं.

इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवली की दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. ती आली नाही तर पंपाचा फ्यूज आणि कनेक्टर बघा. कार्बोरेटर असेल तर फ्लोट बाऊलचा (कार्बोरेटरच्या तळाच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीचा) खालचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. तळाशी थेंब वेगळे बसलेले दिसले तर पेट्रोलमध्ये पाणी आहे. सगळं काढून टाका.

उंचावर गाडीचा दम गेला तर घाबरू नका. साधारण 3,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, 5,000 मीटरवर जवळपास निम्मा. इंजिनला हवाच कमी मिळते. इंजेक्शनची गाडी पेट्रोल त्या मानानं कमी करते, पण ताकद कमी होतेच. कार्बोरेटरची गाडी काळा धूर सोडेल आणि प्लग काळे करेल. एअर फिल्टर स्वच्छ ठेवा, खालच्या गिअरवर चढा, चोक लावू नका.

नाला ओलांडताना गाडी पाण्यात बंद पडली तर मात्र सेल्फ अजिबात मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो, आणि किरकोळ बिघाडाचं मोठं काम होतं. बाहेर ढकला, एअर फिल्टरचा डबा रिकामा करा, प्लग काढा आणि मग इंजिन फिरवा. पाणी प्लगच्या भोकातून उडून जाईल, तोंड लांब ठेवा. ऑइल दुधाळ झालं असेल तर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ऑइलचा लाल दिवा लागला की त्याच जागी इंजिन बंद. ‘पुढच्या वळणापर्यंत’ असं करू नका. खालून ठक-ठक असा जड आवाज येत असेल आणि रेसबरोबर वाढत असेल तरी तेच, ती गाडी आता टेंपोतूनच जाईल. वरून येणारी बारीक टिकटिक बहुधा टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) असते. ऑइल बघा, ते पुरेसं असेल तर सावकाश गावापर्यंत जाता येतं. हवेवर थंड होणारं इंजिन फार तापलं तर त्यावर पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. रेडिएटर असेल तर गरम असताना त्याचं झाकण उघडू नका.

दगड लागून इंजिनच्या तळाला बारीक भोक पडलं तर दोन भाग मळून लावायची इपॉक्सी पुटी कामाला येते. उरलेलं ऑइल स्वच्छ भांड्यात धरा, भोकाभोवतीचा भाग पेट्रोलनं पुसून पूर्ण कोरडा करा, पुटी भोकाच्या चारी बाजूंना पसरून दाबा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या. इथे घाई केली तर ती सुटते.

सामानात माझ्याकडे हे असतंच: दोन प्लग आणि प्लगपाना, फ्यूज, क्लच आणि एक्सलेटरची केबल, पेट्रोलची नळी, वायर, टेप, झिप टाय, पुटी, एक लिटर ऑइल. नवी क्लच केबल मी जुन्या केबलच्या बाजूनंच आधी ओवून ठेवतो, तुटली की फक्त दोन टोकं बदलायची.

निघण्याआधी एक दुपार काढून घरी प्लग काढून परत बसवा, फ्यूजचा डबा कुठे आहे ते शोधा, एअर फिल्टर उघडा. काही गाड्यांमध्ये प्लगपर्यंत पोहोचायला टाकी उचलावी लागते. तुमच्या गाडीत तसं असेल तर त्या बोल्टच्या मापाचा पाना कंपनीच्या किटमध्ये आहे का, हेही त्याच दुपारी कळेल.