200 घरांच्या सर्व्हेवरून तालुक्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल कसा काढायचा?

तुमची माहिती अशी: चिठ्ठ्या टाकून निवडलेली 10 गावं, प्रत्येक गावात यादीवरून 20 घरं, एकूण 200. त्यांतल्या 18 घरांत नळाला पाणी येत नाही, म्हणजे 9 टक्के.

पुस्तकी सूत्र तुम्ही बरोबर लावलंय. 0.09 गुणिले 0.91, भागिले 200, त्याचं वर्गमूळ 0.0202, त्याला 1.96 ने (95 टक्के भरवशासाठीचा आकडा) गुणलं की जवळपास 4 टक्के. इंटरव्हल, म्हणजे तालुक्याचं खरं प्रमाण ज्या पट्ट्यात असावं असा भरवसा, 5 ते 13 टक्के. पण प्रमाण शून्याच्या इतकं जवळ असलं की हे सूत्र डळमळतं. एकाही घरात अडचण निघाली नसती, तर त्याने 'शून्य ते शून्य' असं उत्तर दिलं असतं! त्यापेक्षा अ‍ॅग्रेस्टी आणि कूल या संख्याशास्त्रज्ञांची 1998 ची सोपी युक्ती वापरा: पाणी न येणाऱ्या घरांत 2 आणि एकूण घरांत 4 मिळवा. 204 पैकी 20 धरून तेच गणित केलं की 5.7 ते 13.9 येतं.

खरी काळजी मला वेगळीच वाटते. हे सूत्र प्रत्येक घर स्वतंत्रपणे निवडलंय असं धरून चालतं. पाण्याचं तसं नसतं. टाकी कोरडी पडली की अख्खी आळी कोरडी पडते, आणि मग शेजारच्या घराला विचारून नवीन माहिती फारशी मिळत नाही. म्हणून 'डिझाइन इफेक्ट' (गावागावाने घरं निवडल्यामुळे माहिती किती पट कमी होते त्याचं माप) काढावा लागतो: 1 अधिक (20 वजा 1) गुणिले गावांतर्गत सहसंबंध (एकाच गावातली घरं एकमेकांसारखी असण्याचं माप). हा सहसंबंध नुसता 0.05 धरला तरी इफेक्ट 1.95 होतो. तुमची 200 घरं साधारण 103 घरांइतकीच माहिती देतात आणि 4 टक्क्यांची चूक साधारण 5.5 वर जाते. गावं लहानमोठी असतील तर भारांकनही (मोठ्या गावाच्या आकड्याला जास्त वजन देणं) करावं लागेल.

यादी जुनी असेल, नवी वस्ती तीत नसेल, तर मात्र कुठलंच सूत्र कामाला येत नाही. याचं गाजलेलं उदाहरण: 1936 मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे त्यांच्या मतचाचणीच्या 20 लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या होत्या. इंटरव्हल काढला असता तर केसाएवढा निघाला असता. त्यांनी लँडन जिंकणार म्हणून सांगितलं, जिंकले रूझवेल्ट, तेही प्रचंड फरकाने.

त्या 18 घरांचा गावनिहाय तक्ता टाका, तुमच्याच आकड्यांवरून सहसंबंध काढून दाखवतो.