जीपीएस लावल्यावर टेम्पोतली डिझेलचोरी पकडता येते का? (इंदूर-पिथमपूर, पाच गाड्या)

नुसत्या जीपीएसनं नाही. त्यासाठी टाकीत फ्युएल सेन्सरची कांडी वेगळी बसवावी लागते. देवास नाक्यावरच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये मी गाड्यांचा हिशेब बघतो, त्यावरून सांगतोय. जीपीएस गाडी कुठे आहे, किती चालली, इंजिन चालू की बंद, एवढंच सांगतं. तेही कमी नाही म्हणा: पिथमपूरला कारखान्याच्या गेटबाहेर नंबर लागेपर्यंत चालू ठेवलेलं इंजिन लगेच दिसतं, आणि मालक ज्याला चोरी समजतात त्यातलं बरंच डिझेल तिथंच जळत असतं.

सेन्सर घेतलात तर टाकी रिकामी करून दहा-दहा लिटर ओतत प्रत्येक वेळचं रीडिंग समोर उभं राहून नोंदवून घ्या. बसवणारी पोरं हे टाळतात, मग आकडे कायमचे चुकतात. इंजिन बंद असताना ग्राफ एकदम खाली आला की समजा, डिझेल काढलंय. पंपावर कमी भरून जास्तीचं बिल आणलं तर तेही ताडून बघता येतं. फक्त खंडवा रोडला भेरूघाटात टाकीतलं डिझेल हेलकावतं, तेव्हा लिटर-दोन लिटरच्या फरकावरून ड्रायव्हरला धारेवर धरू नका.