लिथुआनियन लोक जुन्या नोंदींत कधी दिसायला लागतात? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

लिथुआनियाने २००९ मध्ये हजार वर्षं साजरी केली, म्हणजे देश १००९ ला स्थापन झाला का?

नाही हो, ती हजार वर्षं लिथुआनिया हे नाव पहिल्यांदा लेखी आल्याची. जर्मनीत क्वेडलिनबुर्गला बायकांचा मठ होता, तिथल्या वर्षवार नोंदींत १००९ खाली लिहिलंय की ब्रूनो नावाचा धर्मप्रचारक रुस (कीवभोवतीचं तेव्हाचं स्लाव राज्य) आणि लिथुआनियाच्या सीमेवर १८ साथीदारांसकट मारला गेला, तारीख ९ मार्च. बस, देशाबद्दल पुढे अक्षर नाही. आता ब्रूनोला ओळखणारा बिशप थिएटमार हीच घटना सांगतो पण सीमा प्रशिया आणि रुसची म्हणतो आणि तारीख १४ फेब्रुवारी देतो, शिवाय मठाची मूळ प्रत गेली, हाती आहे ती १६व्या शतकातली नक्कल, त्यामुळे शंका काढणारे काढतात. पण १०४० ला कीवचा सत्ताधीश यारोस्लाव लिथुआनियावर चालून गेला असं रुसच्या बखरीत आहे, म्हणजे शेजाऱ्यांना हे लोक चांगलेच माहीत होते. मला ती १००९ ची नोंद खरीच वाटते.

रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८ च्या सुमाराला ज्यांच्याबद्दल लिहिलं ते एस्टी लोक म्हणजे हेच का?

थेट तसं नाही म्हणता येत. ते बाल्टिक किनाऱ्यावर अंबर गोळा करणारे लोक, फार तर नात्यातले.

नकाशावर कधी आले?

१३२० च्या आसपास जेनोव्हाच्या पिएत्रो व्हेस्कॉन्तेच्या नकाशावर त्यांचं नाव आहे, सोबत ‘मूर्तिपूजक’ असा शिक्का. तो तेव्हा बरोबरच होता, देशाचा बाप्तिस्मा १३८७ चा.

सगळं शत्रूंनीच लिहिलंय का?

सुरुवातीचं बहुतेक सगळं, आणि ते वाचताना हे कायम डोक्यात ठेवा. लिव्होनियाचा (आजचा लाटव्हिया-एस्टोनियाचा भाग) हेन्री हा पाद्री लिहितो की थोडे लिथुआनियन दिसले तरी रुसी लोक शिकाऱ्यापुढे ससे पळावेत तसे पळायचे, यात त्याची स्वतःची भीतीही बोलते. पण १२१९ च्या व्होलिनियाबरोबरच्या (आजच्या पश्चिम युक्रेनमधलं रुसी राज्य) तहात नुसते लुटारू दिसत नाहीत, २१ सरदारांची नावं आहेत, त्यात पाच ज्येष्ठ, त्यातलाच मिंडाउगस १२५३ ला राजा झाला. आणि १३२३ ला तर लिथुआनियाचा राज्यकर्ता गेडिमिनास स्वतःच बोलतो! त्याने लॅटिनमध्ये जर्मन शहरांना पत्रं धाडली, व्यापारी या, वैद्य या, लोहार या, जोडे शिवणारे या, इथे स्थायिक व्हा. आजची राजधानी व्हिल्नियसचं नाव लेखी सापडतं ते पहिल्यांदा त्याच पत्रांत.