सात ते साडेआठ
(वाचकांचे प्रश्न : व्यसनमुक्ती)

प्रश्न : वय ४१. नोकरी लोअर परळला, घर भांडुपला. सुटल्यावर करी रोडला ट्रेन पकडण्याआधी बारमध्ये एक क्वार्टर ठरलेली, हल्ली दोन होतात. डॉक्टर म्हणाले, एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) मिटिंगला जा. मिटिंग शोधायची कशी? नाव-पत्ता लिहून घेतात का? ओळखीचं कुणी भेटलं तर?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : मिटिंगच्या आधी एक तपासा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घाम फुटतो, घोटभर घेतल्याशिवाय दाढी करता येत नाही, असं होत असेल तर मनानेच एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन माणूस जिवावर बेतण्याइतका आजारी पडू शकतो. तुमच्या डॉक्टरांना किती आणि किती वर्षं पिता ते खरं सांगा, किंवा केईएम, नायर, सायन यांपैकी एका रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. मिटिंगमध्ये औषध देत नाहीत.

आता मिटिंग. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या भारतातल्या वेबसाइटवर किंवा त्यांच्या हेल्पलाइनवर जवळच्या मिटिंगची माहिती मिळते. फोन केलात की चार गोष्टी विचारा: वार आणि वेळ, भाषा, मिटिंग ‘ओपन’ (कुणीही येऊ शकतं) की ‘क्लोज्ड’ (फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी), आणि आत शिरायचं कुठून. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नवा माणूस बहुतेक तिथेच गळतो. बऱ्याच मिटिंग शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. पुढचं गेट बंद, वॉचमनला काही माहीत नाही, माणूस पाच मिनिटं घुटमळतो आणि परत फिरतो. परतीच्या वाटेवर बार असतोच. परीक्षा किंवा सुट्टीमुळे खोली मिळाली नाही, असंही होतं. म्हणून त्याच दिवशी दुपारी पुन्हा फोन करून खात्री करा.

घराजवळचीच मिटिंग हवी असं नाही. ओळखीच्यांची धास्ती असेल तर दादर, कुर्ला, घाटकोपर अशी तुमच्या लाइनवरची बघा. आमच्या मते अंतरापेक्षा वेळ महत्त्वाची. तुमचा धोक्याचा तास करी रोडचा, सुटल्यापासून ट्रेनमध्ये चढेपर्यंतचा. संध्याकाळी सात ते साडेआठची मिटिंग नेमकी तो तास खाते. रविवारी सकाळची चांगली असली तरी तुमच्या कामाची कमी. आणि पोटात काहीतरी घालून जा. उपाशी पोटी तलफ जास्त येते, त्यामुळे ऑफिसमधून निघतानाच वडापाव खाऊन घ्या.

आत रजिस्टर नसतं, फी नसते. अट एकच: दारू सोडायची इच्छा. पहिलं नाव पुरतं, तेही सांगायलाच हवं असं नाही. मिटिंग तास-दीड तासाची. सुरुवातीला प्रार्थना आणि थोडं वाचन, मग एकेक जण आपलं शेअरिंग करतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली की ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा, पुरे. पिशवी फिरते, तीत नव्याने आलेल्याने काही टाकायची गरज नाही. ओळखीचं कुणी दिसलंच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो.

दहा मिनिटं आधी पोचा आणि संपल्यावर लगेच पळू नका. फोन नंबर मिळतात ते चहाच्या वेळी, आणि पुढच्या आठवड्यात बारसमोर पाय अडखळले की तेच नंबर उपयोगी पडतात. पहिल्या 90 दिवसांत 90 मिटिंग करा, असं जुने सदस्य सुचवतात. तो नियम नव्हे, पण आठवड्याला एक फार अपुरी. एक ग्रुप पटला नाही म्हणून ‘एए आपलं नाही’ ठरवू नका, पाच-सहा ग्रुप बघा. एखाद्या दिवशी घेतलीत तर लाजून टाळू नका, दुसऱ्या दिवशी जा. ते लोक याला ‘स्लिप’ म्हणतात आणि खुर्ची रिकामी ठेवतात.

प्रश्न : चर्चमध्ये मिटिंग, त्यात प्रार्थना. मी देव मानत नाही.
— एक वाचक, दादर

उत्तर : हॉल चर्चचा असला तरी संघटना कोणत्याही धर्माची नाही. दारू सोडण्यासाठी एएने आखलेल्या बारा पायऱ्यांत देवाचा शब्द येतो, पण ‘आपल्याला समजेल तसा’ अशी जोड देऊन. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलात तरी कुणी विचारत नाही.

प्रश्न : मिस्टर मिटिंगचं नाव काढलं की चिडतात. सासूबाई म्हणतात, दारू सोडवायची गोळी चहातून दे. देऊ का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : नाही, ताई. ती गोळी (डायसल्फिराम) नकळत दिली आणि त्यांनी वर दारू घेतली तर धाप लागते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. ती गोळी पेशंटला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात.

ते जात नसतील तर तुम्ही जा. दारू पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचा वेगळा गट आहे. त्याला त्यांची संमती लागत नाही, आणि मुलं किशोरवयीन असतील तर त्यांच्यासाठी अलाटीन. तोवर, ते प्यायलेले असताना वाद घालू नका, बोलायचं ते सकाळी. कामावर ‘ताप आलाय’ असा फोन तुम्ही करत असाल तर तो बंद करा. दांडी त्यांची, फोनही त्यांनीच करावा. हात उगारला तर 112. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे. मन हलकं करायचं असेल तर टेलि-मानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416, तिथे मराठीत बोलता येतं.