तीन फाट्यांचं, चौकोनी भोक असलेलं लोखंडी हत्यार कशाचं असावं?

तुम्ही दिलेलं वर्णन असं: जुन्या लष्करी तळाच्या जागेवर मेटल डिटेक्टरने सापडलेला, तळहातात मावणारा, इंग्रजी टी अक्षरासारखा लोखंडी तुकडा. दोन फाटे टोकाला चपटे, एक रुंद आणि एक अरुंद. तिसऱ्या फाट्याच्या टोकाला चौकोनी भोक. या वर्णनावरून हे ठासणीच्या बंदुकीचं जोडहत्यार वाटतं, म्हणजे पाना आणि स्क्रू ड्रायव्हर एकत्र. ते शिपायाच्या पट्ट्यावरच्या पिशवीत असायचं.

ओळखीची खूण म्हणजे ते चौकोनी भोक. चकमकीच्या बंदुका मागे पडून टोपीच्या बंदुका आल्या, तेव्हा नळीच्या मागच्या बाजूला एक छोटं पोकळ निपल बसवू लागले. त्यावर तांब्याची टोपी चढवायची, घोडा तिच्यावर आपटायचा आणि ठिणगी निपलमधून दारूपर्यंत जायची. निपल सतत जळून झिजे, कधी काजळीने बुजे, म्हणून ते काढून बदलायची सोय लागायची. लष्करी बंदुकांत निपलचा खालचा भाग चौकोनी असे आणि हे भोक त्यावर बसतं. लहान पिस्तुलांच्या निपलला बहुधा चौकोनाऐवजी समोरासमोर दोन सपाट बाजू असत, त्यामुळे त्यांच्या पान्याला भोकाऐवजी खाच असते.

दोन पात्यांच्या रुंदीतला फरकही मुद्दाम ठेवलेला आहे. रुंद पातं बाहेरच्या मोठ्या स्क्रूंसाठी, अरुंद पातं चापाच्या यंत्रातल्या बारीक स्क्रूंसाठी. तिन्ही फाटे पात्यांचे असते आणि चौकोनी भोक नसतं, तर ते आधीच्या चकमकीच्या बंदुकीचं हत्यार म्हणता आलं असतं. टोपीच्या लष्करी बंदुका 1840च्या सुमारास सार्वत्रिक होऊ लागल्या. ब्रिटिश एनफिल्ड 1853 ची, अमेरिकन स्प्रिंगफिल्ड 1861 ची. मागून भरायच्या बंदुका आल्यावर, 1870 नंतर, टोपीच्या बंदुका झपाट्याने मागे पडल्या. तुमचा तुकडा बहुतेक याच तीस-चाळीस वर्षांतला आहे.

खात्रीसाठी आधी व्हर्निअर कॅलिपरने मोजा. भोकाच्या कडांवरचा गंज सोडून आतलं माप घ्या. निपलसाठीचं भोक बहुधा सेंटिमीटरपेक्षा लहान असतं. ते आरपार किंवा बरंच खोल असायला हवं, कारण निपलचा निमुळता शेंडा त्यात शिरल्याशिवाय चौकोन पकडीत येत नाही. बारा-पंधरा मिलिमीटरचं भोक असेल, तर ते यंत्राच्या नटाचा पाना असण्याची शक्यता जास्त. पात्याचं टोक पाहा. जुन्या स्क्रूंची खाच अरुंद असे, म्हणून पातं टोकाशी पातळ असतं, पण छिन्नीसारखी धार नसते. वापरलेल्या हत्यारात पात्याचे कोपरे पिळलेले किंवा तुटलेले दिसतात आणि हा मोठा पुरावा आहे.

ज्यांच्याशी गल्लत होते त्या वस्तू म्हणजे घड्याळाची चावी, रेल्वे डब्याची चावी आणि शिवणयंत्राचं हत्यार. घड्याळाच्या चावीचं भोक बरंच लहान असतं, ती बहुधा पितळी असते आणि तिला पाती नसतात. डब्याची चावीही टीच्या आकाराची आणि चौकोनी भोकाची असू शकते, पण तिचे आडवे फाटे हातात धरायला गोलाकार असतात. शिवणयंत्राचं हत्यार सारख्या जाडीच्या पत्र्यातून कापलेलं असतं. तुमचा तुकडा मध्ये जाड आणि टोकाकडे निमुळता असेल तर तो घडीव आहे. बिडाचा असता तर साच्याची शिवण दिसली असती आणि पात्याला ताण सहन झाला नसता.

शेजारी काय सापडलं याला हत्याराइतकंच महत्त्व आहे. तळाला पोकळी असलेल्या निमुळत्या शिशाच्या गोळ्या आणि कडेला चार पाकळ्या असलेल्या तांब्याच्या टोप्या मिळाल्या, तर शंका उरत नाही. नुसत्या गोल गोळ्या असतील तर जागा आणखी जुनी असू शकते. प्रत्येक वस्तूची खोली आणि नेमकी जागा लिहून ठेवा, आणि उत्खननाला परवानगी लागणाऱ्या जागी ती आधीच घ्या. लोखंडी पोकळ गोळा किंवा नळकांडं दिसलं तर हात लावू नका. आतली दारू शंभर-दीडशे वर्षांनीही पेटू शकते. अशा वेळी पोलिसांना कळवा.

आता स्वच्छता, कारण बहुतेक वस्तू इथेच बिघडतात. तारेचं चाक, व्हिनेगर किंवा ॲसिड वापरू नका. पात्याच्या कडा आणि शिक्के यांचा ठसा त्या गंजाच्या थरातच टिकलेला असतो. आधी लोहचुंबक लावून पाहा. ओढ जोरदार असेल तर आत लोखंड शिल्लक आहे. ओढ अगदी क्षीण असेल तर आत फक्त गंज आहे. अशी वस्तू विजेच्या पद्धतीने साफ केली तर तिचा चुरा होतो.

लोखंड शिल्लक असेल तर ही विजेची पद्धत वापरता येते. चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा घ्या. 12 व्होल्टच्या चार्जरचं ऋण टोक वस्तूला आणि धन टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला जोडा. दोन्ही त्या पाण्यात बुडवा, पण एकमेकांना शिवू देऊ नका. धन बाजूला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून काम मोकळ्या हवेत करा आणि जवळ आग नको. दर काही तासांनी चार्जर बंद करून वस्तू बाहेर काढा आणि मऊ ब्रशने घासा.

गंज निघाला तरी मातीतले क्षार लोखंडात राहतात आणि पुढे तेच वस्तू फोडतात. म्हणून डिस्टिल्ड पाण्यात थोडा सोडा घालून भिजवा आणि दर काही दिवसांनी पाणी बदलत राहा. हे आठवडे चालतं. मग स्पिरिटने धुवा, उबदार जागी पूर्ण वाळवा, गंज रोखणाऱ्या टॅनिक ॲसिडचा पातळ हात द्या आणि शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेण चोळा. पुढे पृष्ठभागावर केशरी थेंब फुटलेले दिसले तर क्षार अजून आत आहेत. मेण व्हाइट स्पिरिटने (रंगकामाच्या टर्पेंटाइनने) काढून पुन्हा भिजवणीपासून सुरुवात करा.