फुटपाथवर झोपणं महाराष्ट्रात गुन्हा आहे का? त्याचा घर मिळण्याशी काय संबंध?

बेघर असणं या नावाचा गुन्हा नाही. पण पोलिसांच्या हाती १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे आणि त्यातली भीक मागण्याची व्याख्या फार पसरट आहे. पैसे मागणं तर आलंच. गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, वस्तू विकायला पुढे करणं हेही भिकेचं निमित्त धरता येतं. खरी मेख वेगळीच आहे. उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही आणि माणूस सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतोय किंवा थांबलाय की भिकेवर जगत असावा, एवढंही पुरतं. त्याने काही मागितलेलं असण्याची गरज नाही. दिवसभर बिगारी करून फुटपाथवर झोपलेल्या माणसाचं साधन रात्री कोणाला दिसणार?

अटक वॉरंटशिवाय होते. कोर्टात चौकशी संक्षिप्त असते. भीक मागितल्याचं सिद्ध झालं तर पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडल्यास १० वर्षांपर्यंत. मात्र समज देऊन, बंधपत्रावर सोडण्याचा अधिकारही कोर्टाला आहे, आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा (माणसाची परिस्थिती तपासून कोर्टाला कळवणारा अधिकारी) अहवाल इथे महत्त्वाचा ठरतो. म्हणून मुकादमाने किंवा दुकानदाराने 'हा माझ्याकडे काम करतो' असं लिहून दिलेला कागद पहिल्याच तारखेला हजर हवा. अटकेतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्याची बहुतेक दंडात्मक कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. दुसऱ्याला भीक मागायला लावणं हा गुन्हा तेवढा राहिला. महाराष्ट्रात, जिथे हा कायदा जन्मला, तिथे तो अजून आहे, आणि हे मला अत्यंत अन्यायाचं वाटतं.

आता घराचा प्रश्न. मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवण्यावरून झालेल्या १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण फुटपाथवर राहण्याचा हक्क दिला नाही. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्या म्हटलं, तीही हटवण्याची पूर्वअट म्हणून नव्हे. तेव्हापासून सगळं पुराव्यावर चालतं. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घराला १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी लागते, सशुल्क घराला १ जानेवारी २०११ पूर्वीची. उघड्यावर झोपणाऱ्याकडे मोजायला झोपडीच नसते. त्यात धरपकड झाली की बोचकं मागे राहतं, ते कचऱ्याच्या गाडीत जातं आणि त्यातच रेशनकार्ड, जुन्या पावत्या असतात. माणूस सुटून येतो तेव्हा वस्तीत राहत असल्याच्या पुराव्यांची साखळी तुटलेली असते. नुकसान कोठडीपेक्षा इथे जास्त होतं.

त्यामुळे सामान उचलताना पंचनामा मागा. मूळ कागद अंगावर न ठेवता ओळखीच्या संस्थेत ठेवा, प्रत जवळ बाळगा. राहण्याचा पुरावा म्हणून मतदार नोंदणी आधी करा: बेघर माणसाला नमुना ६ भरताना पत्त्याचा पुरावा लागत नाही. दिलेल्या जागी बीएलओ (मतदार यादीचं काम पाहणारा स्थानिक अधिकारी) रात्री येऊन तो खरंच तिथे झोपतो का ते एकाहून जास्त रात्री बघतो. 'स्टेशनजवळ' असं मोघम लिहिलं की माणूस सापडत नाही आणि अर्ज अडतो. दुकानाची पाटी, विजेच्या खांबाचा क्रमांक, पुलाची कुठली बाजू, इतकं नेमकं लिहा, आणि त्या दिवसांत जागा बदलू नका.